ऑर्गनखालची ओळ

प्रिय शिझुए,

तू पाठवलेला कास्तेरा केक पोचला. तळाची जाड साखर मी आधी खरवडून खाल्ली. शाळेतल्या सिस्टर बेर्नाडेट असत्या तर हातावर पट्टी बसली असती आणि वर ‘हावरटपणा हे पाप आहे’ असं फळ्यावर लिहावं लागलं असतं. इथे ओसाकात मला रागावणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून मीच जगावर रागावत असते.

सध्या राग कंपनीवर आहे. आपला तो दीपगृहातल्या मुलीचा जुना कॉम्प्युटरवरचा खेळ पुन्हा बाजारात आणायचा म्हणून त्यांनी मला निवृत्तीतून उठवून आणलं, हे तुला फोनवर सांगितलं होतंच. तू लग्न करून लांब गेली नसतीस तर तुलाही ओढून आणलं असतं. अर्धा खेळ तू लिहिलास, अर्धा मी, आणि बाकीचे जे होते त्यांनी चहा प्यायला. मला वाटलं होतं, आपली जुनी काळी स्क्रीन आणि हिरवी अक्षरं मिळतील. तर नाही. सेगावा नावाची मुलगी माझी वरिष्ठ आहे, माझ्या भाचीपेक्षा लहान. तिनं पहिल्याच सकाळी सांगितलं, “फुकाहोरी-सान, आता सगळे नव्या एडिटरवरच कोड लिहितात. अहो, तो तुमच्या मनातलं ओळखतो!” मी म्हटलं, “माझ्या नवऱ्याला उभ्या जन्मात जमलं नाही ते याला जमणार?” सगळे हसले. मीही हसले.

आता हसू येत नाही. शिझुए, मला त्या एडिटरची भीती वाटते.

मी अर्धी ओळ लिहिते आणि उरलेली अर्धी फिकट अक्षरांत आपोआप पुढे उभी राहते. टॅबची कळ दाबली की ती पक्की होते, जणू मीच लिहिली. आता तूच सांग, आपल्या वेळी टॅब कशासाठी होती? ओळ आत सरकवायला. माझा अंगठा विसरेल, पण करंगळी विसरणार नाही. ओळ सुरू झाली की ती आपोआप टॅबवर पडते, आणि मी न वाचलेलं काहीतरी माझ्या नावावर जमा होतं. सेगावा म्हणते, “अहो, घेण्याआधी वाचायचं असतं ना!” जेवताना प्रत्येक घास चष्मा लावून बघायचा असतो का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “तुमच्या वयात बघितलेला बरा.” तोंडाची तिखट आहे. म्हणून आवडते.

त्यात तो जुन्या फायली वाचून माझ्या वळणानं लिहायला शिकलाय. पुढच्या माणसासाठी कोडच्या शेजारी आपण टिपा ठेवायचो ना, त्यासुद्धा. परवा त्यानं लिहिलं, ‘इथे हात लावाल तर खबरदार, काल रात्रभर हेच निस्तरत होते.’ हुबेहूब माझा खवटपणा. सेगावा पोट धरून हसली, “फुकाहोरी-सान, तुम्ही दोन झालात!” मी मात्र ती टीप पुन्हा पुन्हा वाचत बसले. माझी की त्याची, ते मला सांगता येईना.

तुला माझी आई आठवते. पत्ता चुकणं, नावं विसरणं हे सगळं नंतर आलं. सुरुवात उमेबोशीच्या बरणीपासून झाली. खारवलेल्या आलुबुखारांच्या त्या बरणीवर तिनं स्वतःच चिठ्ठी चिकटवली होती, आणि एका सकाळी ती बरणी हातात धरून मला म्हणाली, “मिसाओ, हे कुणी लिहिलंय गं? अक्षर छान आहे.” मी म्हटलं, “आई, तूच.” ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला फसवतेय. ते डोळे मी विसरलेले नाही. त्यांची तीच नजर आता मला स्क्रीनच्या काचेत दिसते. ऑफिसात कुणाला सांगू? सेगावा मऊ आवाजात बोलायला लागेल. तिनं मला टोमणे मारायचं थांबवलं, तर मी समजेन की संपलं.

आता जे सांगायला बसले ते सांगते. काल दुपारी मी वादळाचा भाग उघडला. मुलगी वारा पडेपर्यंत लपून बसते, तो. तिथे एक टीप आहे: ‘वारा थांबेपर्यंत ऑर्गनखालून बाहेर येऊ नकोस. तुझा हात मी धरलाय.’ शिझुए, खेळात ऑर्गन नाही. ऑर्गन शाळेच्या चॅपेलमध्ये होता, त्या तुफानाच्या दिवशी, जेव्हा छप्पर उडालं आणि आपण दोघी त्याखाली शिरलो. हे वाक्य तू मला म्हणाली होतीस. मी कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. यंत्राला ते कळलं असेल तर एकाच वाटेनं: जुन्या काळी तू ते तुझ्या एखाद्या फायलीत लिहून ठेवलं असशील, आणि त्यानं ते उचललं असेल. तसं नसेल, तर ते मीच लिहिलंय, गेल्या काही दिवसांत, आणि मला आठवत नाही. सगळ्या फायलींत एकदम शोधायची सोय त्या एडिटरमध्ये आहे. शोधायच्या चौकटीत मी ‘ऑर्गन’ लिहून ठेवलंय. कळ दाबवत नाही. हे मला यंत्रानं सांगायला नको, तू सांग. तू लिहिलं होतंस का गं? मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस; तुझं खोटं मला सिस्टर बेर्नाडेटच्याही आधी कळायचं. आणि उत्तर नाही असेल, तर कागदावर पाठवू नकोस. तू ये.

तुझीच,
मिसाओ