वारा, आणि पुढचे दोन शब्द

१४ नोव्हेंबर

प्रिय भाऊजींना,

प्रभूमध्ये सलाम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. जाऊबाईंचा खोकला थांबला का? आपली थोरली दवाखान्यात कामाला लागली. पहिल्याच दिवशी गणवेश उलटा घालून निघाली होती, दारातून परत बोलावली. घरात बऱ्याच दिवसांनी हसू ऐकलं.

मी अजून रोपवाटिकेतच आहे. वादळात फाटक लावायला हे गेले आणि ते झाड ह्यांच्या अंगावर आलं, त्या जागेवरून रोज जावं लागतं. लोक म्हणतात, काम बदल. पण मला दुसरं येतं काय?

कामात मात्र माझ्याकडून एक घोळ झाला. वर्षभर मी प्रत्येक रोप काठीला घट्ट बांधत होते, तीन-तीन ठिकाणी. वारा सुटला की जाळ्या ओढून घ्यायचे. रोपं उंच झाली, दिसायला छान. गेल्या महिन्यात गिऱ्हाइकासाठी दोऱ्या सोडल्या, तर सगळी रांग माना टाकून आडवी. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, रोपं बांधलीस की कैदी? हलल्याशिवाय खोड भरत नाही, हे तुला मी सांगायचं?"

खरंच, हे मला माहीत होतं. ह्यांनीच शिकवलं होतं. वाऱ्याने रोपं मोडली की मी चिडायचे, आणि हे शांतपणे तुकडे गोळा करत म्हणायचे, "वारा देवाचा आहे." म्हणून तर कबरीवरच्या दगडासाठी मी तेच शब्द तुम्हाला सांगितले.

आता त्या दगडाबद्दल लिहिते. इतका वेळ टाळत होते.

नाव आणि तारखा तुम्ही घरून कोरून आणल्या होत्या. ती ओळ दगड बसवल्यावर सगळ्यांसमोर कोरायला घेतलीत. "वारा" झालं आणि तुम्ही छिन्नी खाली ठेवलीत. "देवाचा ना वारा? मग माझ्या दादाचा जीव कुणी घेतला ते सांगा, तेच कोरतो," म्हणालात. पाळकसाहेब बोलायला पुढे झाले, तेव्हा मी त्यांना हाताने थांबवलं. तुम्हाला वाटलं असेल, वहिनी रागावली. भाऊजी, मला राग आला नव्हता. मलाही तेच विचारायचं होतं. त्यानंतर कित्येक महिने पुढचे शब्द नाहीत याचं मला बरंच वाटत होतं. ते माझ्याही तोंडातून निघत नव्हते. उपासनेत सगळे "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणायचे, मी ओठ मिटून उभी राहायचे.

परवा कबरीपाशी एक अनोळखी बाई विचारत होत्या, "ह्यांचं आडनाव वारा का हो?" हसू आलं, आणि मग मनात आलं, दगड एवढाच राहिला तर वाचणारा काय समजणार? वारा आला, माणूस घेऊन गेला, संपलं. वारा म्हणजे कुणी मालक नसलेलं मोकाट जनावर. तसं असतं तर मला त्या फाटकातून एक दिवसही जाता आलं नसतं.

वाऱ्याने खोड भरतं, म्हणून हे गेले ते बरं झालं, असलं काही मी म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर ऐकूनही घेणार नाही. का गेले, मला कळलेलं नाही. पण ज्याने वारा केला त्याच्या हातून त्या दिवशी काही निसटलं नव्हतं, आणि हेही त्याच्याच हातात आहेत, एवढं मी आता मानते. मागच्या रविवारी उपासनेत "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" मीही म्हटलं. हळूच, पण म्हटलं.

तुमचा विश्वास बसल्यावर या, असं मी म्हणत नाही. रागातच या, राग घेऊन कोरा, अक्षरं वाकडी आली तरी चालतील. पाळकसाहेब दुसरा कारागीर देतो म्हणत होते, मी नको सांगितलं. भावाच्या दगडाला भावाचाच हात लागेल. नाही आलात, तर तो अर्धाच राहील आणि मी तो तसाच झाडून-पुसून ठेवीन. वारा काही त्यामुळे दुसऱ्या कुणाचा होणार नाही.

जेवायला मात्र घरीच या, दगडाचं काही ठरलं नसलं तरी.

तुमची वाट पाहणारी,
वहिनी