चौकाच्या मधून

तूरिन,
ता. ९ नोव्हेंबर

प्रिय बाबांस,
नीव्हेसचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आणि इर्मामावशीनं धाडलेला चीजचा तुकडा, दोन्ही पोचलं. इथे थंडी पडली आहे, पण खोली उबदार आहे, काळजी नको. गुडघ्याबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिला नाहीत, म्हणजे दुखतोच आहे.

हल्ली सलून बंद केलं की तुम्ही माज्जोरे चौक सरळ मधून ओलांडून इर्मामावशीकडे कॉफीला जाता, आणि 'आता मला कोण अडवणार' म्हणून गिऱ्हाइकांपुढे मिरवता, असं लिहिलंत. ते वाचलं आणि चीज परत कागदात गुंडाळून ठेवलं.

पदवीआधी जो विद्यार्थी तो चौक मधून ओलांडेल त्याला पदवी मिळत नाही, हे बोलोन्यातलं शेंबडं पोरही सांगेल. विद्यापीठात नाव घातल्यापासून मी कमानींखालून कडेकडेनंच जायची. पण हा नेम विद्यार्थ्यांचा, न्हाव्यांचा नव्हे. तुम्हीही तो पाळत होतात हे मला जुलैतल्या त्या दिवशी कळलं. माझ्या डोक्यावर तुम्ही आणलेला, पदवीधरांना घालतात तो पानांचा मुकुट होता, आणि इर्मामावशी दारातूनच म्हणाली, "सहा वर्षं हा लंगडत वळसा घालतोय गं. म्हटलं, शिकतेय पोरगी, तुझं काय जातंय मधून यायला? तर म्हणतो, घरात एकच पदवी यायचीय, उगाच धोका कशाला."

सगळे हसले. मीही हसले. मग तुम्ही म्हणालात, "चल, आज राजरोस जाऊ." मधल्या चबुतऱ्याची ती एक पायरी चढताना तुम्ही माझ्या खांद्यावर भार दिलात. मधोमध थांबून टोपी काढलीत. माझे हात गार पडले होते. तुम्हाला वाटलं, आनंदानं.

बाबा, त्या सकाळी मी तुम्हाला पदवी समारंभाची वेळ मुद्दाम तासभर उशिराची सांगितली होती. तुम्ही आलात तेव्हा माझ्या हातात फुलं होती, ती मीच विकत घेतलेली. आत कुणी माझं नाव पुकारलं नव्हतं. माझे चार विषय राहिलेत. मी पदवीधर नाही. इथे कचेरीत नाही, बुटांच्या दुकानात काम करते.

खोटं बोलले याची लाज वाटतेच. पण तुम्हाला टोपी काढून तिथं उभं राहू दिलं, त्याची जास्त वाटते. तो प्रसंग आठवला की आरशात बघवत नाही.

फेब्रुवारीतल्या परीक्षेला नाव नोंदवलं आहे. पावती सोबत पाठवते, कारण नुसत्या शब्दावर विश्वास ठेवा असं कुठल्या तोंडानं म्हणू? नाताळात येईन तेव्हा इर्मामावशीला मीच सांगेन, ते तुमच्यावर टाकत नाही.

एक मागते. मागायचा हक्क उरलेला नाही, आणि तुमचा गुडघा दुखेल हेही ठाऊक आहे. तरी बाबा, उद्यापासून पुन्हा कडेनं जाल का?

तुमची, अजून विद्यार्थिनीच असलेली,
नीव्हेस