खाली टिंबं

५ ऑगस्ट १९७४
नागपूरला आले! मासिकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी. दिवाळी अंकाच्या कथा माझ्याकडे. आमच्या गावी, कुहीला, शाळेआधी बाबांनीच घरी पाटीवर शिकवलं; माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की ते जेवायला बसत नसत. ते आज कामी आलं. खिळे जुळवणाऱ्या रुपरावांनी खुणा दाखवल्या: शब्द काढायचा तर लाल रेघ. चुकून काढला तर त्याखाली टिंबं द्यायची, म्हणजे तो राहतो. मात्र जुळवलेले खिळे सुटे होऊन खणात परत जाण्याआधी.

९ ऑगस्ट
एका कथेवर लेखकाचं नावच नाही. कुहीची मुलगी, तिला घरी शिकवणारे वडील देवाजी. माझ्या बाबांचंच नाव! वडिलांच्या तोंडचं ‘मले’ मी सगळीकडे ‘मला’ केलं. रुपराव हसले, ‘काहून वं बाई, आपली बोली शिळी झाली का?’

११ ऑगस्ट, रविवार
बाबा इथे धंतोलीत डॉक्टरांकडे आले होते. जाताना म्हणाले, ‘मला पत्र लिही.’ बाबा आयुष्यात कधी ‘मला’ म्हणाले नाहीत. शहरात आले म्हणून म्हणाले असतील.

१३ ऑगस्ट
संपादक मधुकरराव म्हणाले, कुहीची ती कथा लांबली आहे, त्यातले वडील नसले तरी चालेल, काढा. काढले. लाल रेघ सरळ आली.

१७ ऑगस्ट
आईचं पत्र. तिची पत्रं बाबा लिहीत. हे शेजारच्या गोपिकानं लिहिलंय. ‘बाबा कसे हायेत म्हून काहून इचारतं वं? कोनाचे बाबा?’

१८ ऑगस्ट
कुहीला जाऊन आले. खुंटीवर बाबांची टोपी नाही. खुंटीही नाही. माझी पाटी — नाही. आई माझ्याकडे घाबरून पाहत होती.

१९ ऑगस्ट
खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली टिंबं दिली. रुपराव म्हणाले, ‘ते खिळे तं बुधवारीच खणात गेले बाई. दुसऱ्या कथेत लागूनबी राहिले.’

२० ऑगस्ट
‘ज्ञ’ काढता येईना. मधुकररावांनी विचारलं, तुम्हाला शिकवलं कुणी? शिकवणाराच नाही, तर शिकलेलं कुठून —

२१ ऑगस्ट
आज सतरा चूका. रूपरावांनि मुद्रितं माझ्याकडून काढून घेतलि. दिर्घ कोणता, ते —

२२
हजेरीच्या वहित नाव लिहिता आल नाहि. आंगठा दिला. उद्या बहूतेक —

बाबा मले अ कसा का