सहासष्टवर ठेवलेलं घर

१४ नोव्हेंबर, बॉथेल, अमेरिका

पोचले एकदाची. गुडघे बहुतेक विमानातच राहिले.

घरात शिरायच्या आधी जावईबापूंनी मला गराजच्या मागे नेलं — नवीन मशीन दाखवायला! गॅसची भट्टी काढून टाकली म्हणे. आता हीट पंप. बाहेर पंख्याचा एक भलामोठा डबा, नागपूरच्या आमच्या कूलरएवढा. "आई, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो." बाहेरच्या हवेतली! तिथे उभ्या उभ्या माझे दात वाजत होते. म्हटलं, "वा, छान आहे हो प्रताप." जावयाच्या घरी दुसरं काय म्हणणार?

१६ नोव्हेंबर

जमिनीतल्या जाळीतून हवा येते ती धड गरम नाही, धड गार नाही. जुन्या भट्टीच्या वेळी जाळीवर पाय ठेवला की जिवात जीव यायचा. आता कितीही उभी राहा, तळवे गार ते गारच. प्रताप म्हणतो, हा भस्सकन तापवत नाही, हळूहळू तापवतो. सहासष्ट फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्याकडच्या एकोणीस अंशांवर, ठेवायचा आणि विसरून जायचं. सारखं खाली-वर केलं की एफिशियन्सी जाते. आकडा त्याच्या फोनवर. भिंतीवर बटण आहे, पण त्याला कुणी हात लावलेला मी तरी पाहिला नाही.

नातीला म्हटलं, सावनी, आजीला थंडी वाजते गं. "आजी, जस्ट वेअर अ हूडी!" बापाची लेक.

२१ नोव्हेंबर

दोन स्वेटर, दोन मोजे, वर शाल. गिरिजाला सांगावं म्हणून शब्द ओठांवर येतात आणि गिळते. लेकीच्या घरी आपण पाहुणे. उकडतंय-गारठतंय म्हणायचा हक्क मुलाच्या आईला. प्रताप वाईट नाही. आवाज चढवत नाही कधी. पण आकडा एकदा ठरला की ठरला.

२७ नोव्हेंबर

आज कळलं! पोळ्या लाटताना गिरिजा सहज बोलून गेली. गेल्या ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर होता, खिडक्या सगळ्या बंद, आणि विहीणबाईंना फार उकडलं. हे मशीन उन्हाळ्यात घर गारही करतं. म्हणून घेतलं.

म्हणजे प्रतापच्या मम्मीला गारवा मिळावा म्हणून आणलेल्या मशीनवर मी इथे शेकत बसायचं! धन्य आहे. आणि दर वर्षी हेच. मे ते ऑक्टोबर त्या — अंगणात खुर्च्या, तळ्याकाठी पिकनिक, ब्लूबेऱ्या तोडतानाचे फोटो. नोव्हेंबर ते एप्रिल मी — चार वाजता अंधार, रोजचा पाऊस, डबे, सावनीचा सर्दी-खोकला. व्हिसाचे सहा-सहा महिने वाटून घेतले, पण उन्हाळा नेमका त्यांच्याच वाट्याला कसा येतो? पोटच्या पोरीने एकदा तरी विचारावं, आई, तुला उन्हाळ्यात यायचंय का? नाही विचारलं. मी मरेन, पण आपणहून म्हणणार नाही.

४ डिसेंबर

बर्फ. पंखा चालू, डबा पांढरा. बिचारा स्वतःच गारठलाय, तो मला काय ऊब देणार!

९ डिसेंबर

शोभा झाली आज माझी.

सकाळी सगळे गेले. गिरिजासाठी मी माझ्या जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवून आणली होती. आल्या दिवशी ती म्हणाली, "अय्या, किती गोड!" आणि कपाटात टाकली. तीच काढली आणि त्या डब्याला चारी बाजूंनी गुंडाळली, नाडीने बांधली. नागपूरला कूलरला, मिक्सरला, टीव्हीला, सगळ्याला आम्ही कव्हर घालतोच की! म्हटलं, याला जरा ऊब मिळाली तर आत बरी हवा सोडेल. वर बर्फ पडत होता, वाईट दिसत होतं ते.

दुपारपर्यंत मशीन बंद. घराचा नुसता फ्रीज झाला. प्रताप ऑफिसमधून धावत आला, मागे गेला, गोधडी सोडली. "आई, याला हवा खेचायला मोकळी जागा लागते हो." एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी स्पीकरवर त्याचा फोन — "मम्मी, ऐक ना, यांनी मशीनला गोधडी घातली!" आणि तिकडून विहीणबाईंचं हसू. थांबेचना. मी कुकर लावत होते. गिरिजा तिथेच उभी होती. एक शब्द बोलली नाही माझ्या बाजूने. एक शब्द नाही!

१० डिसेंबर

गोधडी ओली, चिखलाने माखलेली. बेसिनमध्ये घासून ड्रायरला लावली.

१५ डिसेंबर

जेवायला बोलवायला वर गेले. गिरिजा लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, कॅमेरा बंद, आणि गोधडी डोक्यावरून घेऊन बसलेली. फक्त नाक बाहेर! मला पाहून दचकली, पटकन काढून खुर्चीमागे टाकली. आता बरी आठवण झाली आईच्या गोधडीची. आमटी गार होतेय एवढंच सांगून खाली आले.

२० डिसेंबर

प्रताप सावनीला शाळेत सोडायला गेला. चहा घेताना माझ्या तोंडून निघूनच गेलं, "गिरिजा, मला थंडी वाजते. आले त्या दिवसापासून वाजते."

तिने कप खाली ठेवला. "मलाही वाजते, आई. या घरात आल्यापासून. म्हणून तर हिवाळ्यात मी तुलाच मागून घेते."

मी उठले. भिंतीवरचं बटण दाबत गेले. बहात्तर. प्रतापला फोनवर कळलं असेल.

कळू दे.