नऊ बश्या आणि भात

४ मे
सीझन संपायला तीन आठवडे. माझ्या घरातल्या रेस्टॉरंटच्या बारा खुर्च्या, दुपारी अकरा भरल्या. नऊ पदार्थ, अडीच तास, एकामागून एक बशी. सातव्या बशीला (बांगडा-तिरफळ, आईच्या हातचा, म्हणजे आता माझ्या) पुण्याच्या बाईंनी डोळे टिपले. "तुम्ही तुमचं बालपणच वाढलंत हो!" मी मान डोलावली.
त्या बालपणाचे मालक, माझे बाबा, इथून दहा मिनिटांवर, कुणकेश्वरच्या खालच्या वाडीत राहतात. दोन वर्षांत एकदाही जेवायला आलेले नाहीत.
पाहुणे गेल्यावर ओट्याशी उभ्यानेच पाव खाल्ला. रोजचंच.

७ मे
बाबांकडे गेलो. ओसरीवर जाळं सांधत बसलेले. होडी कधीच दुसऱ्याला दिली, पण हाताची सवय सुटत नाही. म्हटलं, एकदा या जेवायला.
"थंय काय जेवचा? बशी परातीएवढी आणि मासो नखाएवढो."
मग नेहमीचं, "जेवलंस?"
"हो." खोटं. सकाळपासून चहावर होतो.
आई गेल्यापासून आमच्यात एवढंच उरलंय, तो प्रश्न आणि हे उत्तर. आई गेली तेव्हा मी जहाजावरच्या किचनमध्ये होतो. निरोप आला तरी सगळी ताटं लावून संपवली, मग केबिनमध्ये जाऊन बसलो. हे मी बाबांना आपण होऊन सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे.

१२ मे
सुजातावहिनी (वाढायला असतात, बाबांच्या शेजारच्या) भाजी निवडताना म्हणाल्या, "दिगू, तुझे बाबा काल माका इचारीत होते. थंय चपला भायर काढूक लागतत काय?"
म्हणजे डोक्यात आहे त्यांच्या!
दिवसभर उगाच हसत होतो. एका रश्शात मीठ दोनदा पडलं, ओतून दिला.

१६ मे
येतायत. बुधवारी दुपारी. खिडकीजवळची खुर्ची ठेवलीय.
एकदा "बरां झाला" म्हणाले की बास. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा मी, आणि हे असलं.

२० मे, बुधवार
आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. चपला बाहेर काढल्याच.
पहिली बशी गेली. नुसते बघत राहिले. दुसरी, तिसरी, तेच. वहिनी उचलायला गेल्या तर बशीवर हात आडवा. "ऱ्हवांदे."
पाचव्या बशीपर्यंत माझं डोकं तापलं. वाटलं, सूड उगवतायत. सगळ्या पाहुण्यांसमोर, माझ्याच घरात. बाकीची टेबलं माना वळवून बघतायत, बाबांसमोर बश्यांची रांग, आणि हे मांडीवर हात ठेवून शांत.
सातवी मी स्वतः घेऊन गेलो. "बाबा, खात का नाही?"
"भात येवंदे. आणि तू बसल्याशिवाय मी कसो जेवतलंय?"

सातवी बशी रांगेत ठेवली.
आमच्या घरची रीत. सगळं एकदम वाढायचं, भात शेवटी. भात पडला, आईही पानावर बसली, की मग पहिला घास. बाबा होडीवरून कितीही भुकेले येवोत, आई बसेपर्यंत हात लावायचे नाहीत. अशा घरात मी वाढलो, आणि नऊ पदार्थांत भात कुठेच नाही. भात काय, कुणीही करतं, असं वाटलं होतं मला.
म्हटलं, "बाबा, पाहुणे आहेत. दोन बश्या जायच्यायत अजून. आलोच."
"जा. मी थांबतंय."
वहिनींच्या जेवणापुरता उकड्या तांदळाचा भात होता आत. तोच गरम केला. पण आधी आठवी लावली, मग नववी. मग एक पाहुणे बोलत उभे राहिले, त्यांना पदार्थ समजावून सांगत बसलो. चांगलं बोलत होते, सोडवेना. भात घेऊन बाहेर आलो तर खुर्ची रिकामी.
वहिनी म्हणाल्या, सगळं डब्यात भरून घेतलं त्यांनी. म्हणाले, "माझो झील कामात आसा. ह्यां घराकडे नेतंय, थंय भात लावतंय. तेका येवक सांग."
मी लगेच निघायला हवं होतं. पण संध्याकाळचे बारा पाहुणे होते, आणि पीठ भिजवायचं होतं.
नाही गेलो. परत तेच केलं मी. जहाजावर केलं तेच.

२१ मे
सकाळी गेलो. डबा घासून पालथा घातलेला. मांडलेले दोन पाट अजून तसेच.
"मासे इटले. मांजराक घातलंय," म्हणाले. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.
"आणि भात?"
"पाणी घालून ठेवलंय."
म्हणजे तेही जेवले नव्हते.
बराच वेळ जाळं सांधत राहिले. मी ओसरीच्या कडेला बसलो. मग मान वर न करता, "जेवलंस?"
"नाय, बाबा. काल सकाळपासून नाय."
हातातली सुई थांबली. उठून आत गेले. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं, मग टोपात तांदूळ पडल्याचा आवाज. किती जणांचे घेतले ते ओसरीवरून दिसलं नाही.