गाठीत शिरलेल्या पेशी

मंगळवार पेठ, कोल्हापूर

पूज्य माताजींच्या चरणी वंदामि,

छातीतून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आज आला. तपासणीला साडेसात हजार पडले. गाठ कॅन्सरचीच आहे. पण डॉक्टर म्हणाले, "काकू, तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाठीत दाटीनं शिरल्यात, कॅन्सरला मारायला. असं दिसलं की पेशंट बहुतेक चांगला निभावतो."

"म्हणजे आत मारामारी चाललीय?"

"व्हय, आणि तुमची माणसं जोरात हायेत की! आता इंजेक्शन देऊन त्यांना बळ देऊ."

आपण पाणी गाळून, गाळण्यातले जीव परत विहिरीत सोडणारी माणसं. आणि माझ्या अंगात मारणं चाललंय म्हटल्यावर मला आनंद झाला, माताजी. देवळात बसले तरी तो आवरेना. म्हणून माझ्या लेकानं, सम्मेदनं पुढं केलेल्या इंजेक्शनच्या कागदावर मी अजून सही केली नाही.

तुम्हांला पत्र घेणं चालत नाही, गावोगावच्या पायी विहारात पत्ताही नसतो. हे देवघरातच राहील. म्हणून दीक्षेआधीचं, आपण नुसत्या बहिणी होतो तेव्हाचं बोलते. वडगावच्या घरी माझ्या अंथरुणातला विंचू तू मारलास, अक्का, आणि तीन उपवास धरलेस. "पस्तावलीस व्हय?" म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "पुन्हा आला तर पुन्हा मारीन की. उपवासबी पुन्हा धरीन."

सोमवारी सही करते. उपवास किती धरू, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी धाकटी,
पद्मल