फ्लेक्सवरचा माझा फोटो

मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस वही उघडली नाही, चुकलंच. धीर होत नव्हता.

लीगमध्ये खेळणाऱ्या आमच्या गावच्या कबड्डीपटूविरुद्ध एका मुलीनं बलात्काराची तक्रार केली. पोरांनी लेण्याद्रीच्या रस्त्यावर ‘आम्ही तुझ्यासोबत’ असा फ्लेक्स लावला. खाली शुभेच्छुकांत माझा फोटो, न विचारता. काढा म्हणालो तर हसले, “आबा, त्याच्या सत्काराला फेटा तुमीच बांधला व्हता की!”

बांधला होता. पण खरंखोटं मला काय ठाऊक?

नातही कबड्डी खेळते. तिनं तो फोटो पाहिला. “आबा, उद्या माझ्यावर अशी वेळ आली तर?” मी म्हणालो, “आधी चहा घे.” ती पुण्याला निघून गेली, फोन नाही.

आज विळ्यानं फोटो कापून आणला. तिथं आता भोक दिसतं. लोक काय म्हणतील?

बाळा, फोटो काढलाय. लवकर फोन कर.